बदली तासांची वही

शाळा भरून दहा मिनिटं झाली की शिपाई एक वही घेऊन शिक्षक-खोलीत येतो. आज कोण रजेवर आहे आणि त्याच्या वर्गांवर कोणी आपला मोकळा तास सोडून जायचं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. कुठे तिला बदली तासांची वही म्हणतात, कुठे प्रॉक्सीची. वही टेबलावर पडायच्या आधीच काही जणांनी पेन हातात घेतलेलं असतं, कारण आपलं नाव असणार हे त्यांना ठाऊक असतं. दोघं-तिघं वर्तमानपत्रातून मान वर काढत नाहीत. आपलं नाव नसणार, हे त्यांनाही तेवढंच ठाऊक असतं. कोणी काही बोलत नाही. सह्या होतात, वही परत जाते.

मर्जीतल्या माणसांचा विषय निघाला की बोलणं लगेच बढती, नेमणूक, पुरस्कार यांकडे वळतं. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण त्या कधीतरी घडतात, त्यांना काही ना काही नियम असतात, दाद मागायला वरचं कार्यालय असतं. रोजच्या वाटपाला यातलं काहीच नसतं. शेवटचा तास कोणाला, कोणती तुकडी कोणाकडे, परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षण कोणाचं, फाटकावर उभं कोणी राहायचं, हे सगळं एका खोलीत एका माणसाच्या अंदाजाने ठरतं आणि त्याची कारणं कुठेही लिहिलेली नसतात. शिक्षकांमध्ये शाळेबद्दल जी कडवट, ‘आपल्याला काय करायचंय’ अशी वृत्ती मुरते, तिचा उगम मला या वाटपात दिसतो. आपण मात्र ती स्वभावदोष समजून हाताळतो, म्हणून ती हटत नाही.

आकडेच घेऊन पाहू. समजा शाळेत ४० शिक्षक आहेत, दिवसाला ८ तासिका आणि आठवड्याचे ६ दिवस. म्हणजे आठवड्याला ४८ तासिका. प्रत्येकाने ३० शिकवायच्या, १८ मोकळ्या. रोज सरासरी दोघं रजेवर असतील तर दिवसाला साधारण १० तासिका भरून काढाव्या लागतात, आठवड्याला ६०. सारख्या वाटल्या तर माणशी दीड. एवढ्याने कोणाचीही कंबर मोडत नाही.

पण वाटप सारखं होत नाही, आणि ते कसं बिघडतं हे बघण्यासारखं आहे. वेळापत्रक तयार होतानाच मर्जीतल्या आठ-दहा जणांचे मोकळे तास दिवसाच्या दोन टोकांना जातात. ज्याचा पहिला तास मोकळा, तो त्या वेळी ‘अजून यायचा असतो’. ज्याचा शेवटचा मोकळा, तो ‘नुकताच निघालेला असतो’. कागदावर दोघं उपलब्ध, प्रत्यक्षात दोघंही सापडत नाहीत. उरलेल्यांचे मोकळे तास तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत विखुरलेले, म्हणजे ते खोलीतच वह्या तपासत बसलेले. पर्यवेक्षकाला माणूस हवा असतो आणि समोर दिसेल त्याला तो पाठवतो. यात पर्यवेक्षकाचा कोणावर लोभ नाही, कोणावर राग नाही. तो निःपक्षपातीपणे एक पक्षपाती वेळापत्रक राबवत असतो. त्याला जाब विचारला तर तो मनापासून दुखावतो, आणि ते बरोबरही आहे.

आता असा एखादा शिक्षक घ्या ज्याच्या वाट्याला आठवड्याला ४ बदली तास येतात. शिकवण्याचे ३५ आठवडे धरले तर वर्षाला १४० झाले. ३५ मिनिटांची तासिका म्हटली तर जवळजवळ ८२ तास. शेजारच्या खुर्चीवरच्याचे त्याच वर्षात पाच-सहा तास. दोघांच्या वेळापत्रकावर आकडा एकच, ३०.

तो ३० चा आकडाही फसवा आहे. एकाच इयत्तेच्या ५ तुकड्यांना एकच विषय आठवड्याला ६ वेळा शिकवला, की ३० तासिका झाल्या आणि तयारी एकाच धड्याची. तिसऱ्या तुकडीपर्यंत धडा तोंडपाठ झालेला असतो, मुलं कुठे अडखळणार हेही कळलेलं असतं. दुसऱ्याकडे तीन इयत्ता आणि दोन विषय आले तर त्याच ३० तासिकांसाठी सहा वेगळ्या तयाऱ्या, सहा प्रश्नपत्रिका, सहा नियोजन-वह्या. वह्या तपासण्याचंही असंच. भाषेच्या शिक्षकाकडे ५ वर्ग आणि वर्गात ५० मुलं असतील तर २५० वह्या होतात. एका निबंधाला ३ मिनिटं दिली (आणि ३ मिनिटांत निबंध नीट वाचून होत नाही) तरी साडेबारा तास. हे काम शाळेच्या वेळात बसत नाही. ते घरी जातं, आणि घरी केलेल्या कामाची नोंद कोणत्याच वेळापत्रकात नसते. म्हणून ‘सगळ्यांना तासिका सारख्याच दिल्या आहेत’ हे वाक्य खरं असूनही ऐकणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड होतो.

तुकड्यांच्या वाटपात तर पक्षपात स्वतःचा पुरावाच पुसून टाकतो. निवडक ४० मुलांची पहिली तुकडी एकाला मिळते, ६५ मुलांची शेवटची दुसऱ्याला. वर्षअखेरीच्या सभेत निकालाचा तक्ता लागतो. पहिल्याचे ९८ टक्के, दुसऱ्याचे ७२. पहिल्याचं कौतुक, दुसऱ्याकडून लेखी खुलासा. पुढच्या वर्षी पहिली तुकडी पुन्हा पहिल्याकडे, या वेळी अधिकृत कारणासह, ‘त्यांचा निकाल चांगला आहे’. अशी तीन वर्षं गेली की मर्जीची गुणवत्ता होते आणि कागदोपत्री कोणीही तिच्याकडे बोट दाखवू शकत नाही. त्याच तक्त्यात मुलांचे आदल्या वर्षीचे गुण एका रकान्यात टाकले असते तर चित्र पालटलं असतं. शेवटची तुकडी ५५ वरून ७२ वर आली असेल आणि पहिली ९७ वरून ९८ वर, तर कोणी काय केलं हे सांगायला व्याख्यान लागत नाही. ते जुने गुण शाळेच्या कपाटातच असतात. तो रकाना कोणी काढत नाही, एवढंच.

बाकीच्या गोष्टी वरवर पाहता किरकोळ. एकाला सात मिनिटं उशीर झाला की हजेरीपटावर लाल शेरा, दुसऱ्याला ‘आज गर्दी होती का रस्त्यात?’ एकाच्या पाठनिरीक्षणाला आदल्या दिवशी निरोप, दुसऱ्याच्या वर्गात दार न वाजवता प्रवेश. एकाची रजा तोंडी चालते, दुसऱ्याला अर्ज, अर्जावर शेरा आणि शेऱ्यावर पुन्हा भेट. प्रशिक्षणाचं पत्र फळ्यावर लागतं तेव्हा नावं पाठवण्याची मुदत उलटून गेलेली असते आणि नाव तर पत्र आलं त्याच दिवशी गेलेलं असतं.

यातली एक गोष्ट मात्र किरकोळ नाही, पालकांची तक्रार. एका शिक्षकाबद्दल तक्रार आली की मुख्याध्यापक म्हणतात, ‘मी बघतो, तुम्ही वर्गावर जा.’ पालकांचं ऐकून घेतात, शिक्षकाशी नंतर एकट्याने बोलतात. दुसऱ्याबद्दल आली की त्याला तास सोडून बोलावलं जातं, उभं ठेवलं जातं, पालकांसमोर विचारलं जातं. बाहेरच्या बाकावर बसलेली मुलं हे पाहत असतात. जादा तास माणूस विसरतो. हे तो निवृत्तीनंतरही विसरत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती खरोखर दुसरी बाजू आहे. मुख्याध्यापक खलनायक असतो म्हणून हे घडतं, असं मानलं तर निदान चुकतं. फ्रेड डॅन्सरो, जॉर्ज ग्रेन आणि विल्यम हागा या संशोधकांनी १९७५ मध्ये मांडलं की वरिष्ठ आपल्या हाताखालच्या सगळ्यांशी एकसारखं वागतो हे गृहीतकच चुकीचं आहे. तो प्रत्येकाशी वेगळं नातं जोडतो, काही जण आतल्या वर्तुळात येतात, बाकीचे बाहेर राहतात, आणि ही विभागणी ओळखीच्या सुरुवातीच्या काळातच होऊन जाते. शाळेत हे आणखी तीव्र होतं, कारण मुख्याध्यापकाच्या हातात फारसं काही नसतं. तो पगार वाढवू शकत नाही, कामचुकाराला काढू शकत नाही. वरून मात्र रोज काहीतरी मागितलं जातं. माहिती संध्याकाळपर्यंत हवी, अहवाल आत्ता हवा, पाहुणे उद्या येणार. अशा वेळी ‘हो सर, करतो’ म्हणणारा माणूस त्याला हवाच असतो. त्या माणसाची परतफेड करायला त्याच्याकडे एकच चलन आहे. सोयीचं वेळापत्रक, चांगली तुकडी, न विचारता मिळणारी रजा. म्हणून तो ते देतो.

अडचण अशी की या चलनाची टांकसाळ त्याच्या खिशात नाही. एकाला दिलेला प्रत्येक मोकळा तास दुसऱ्या कोणाच्या तरी तासांतून कापलेला असतो. सवलत मुख्याध्यापक देतात आणि तिची किंमत सहकारी भरतात, तेही न विचारता. मर्जीतला माणूस खरोखर कष्टाळू असला तरी लोकांच्या मनातली खदखद यामुळेच कमी होत नाही.

मर्जीतली माणसंही दोन जातींची असतात, त्यांची गल्लत होऊ नये. एक काम करणारा, दुसरा खबर आणणारा. पहिल्याचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. काम करणाऱ्याच्याच गळ्यात काम पडत जातं, आणि तीन-चार वर्षांत तोही थकून बाहेरच्या वर्तुळात येऊन बसतो, बहुतेकदा सगळ्यांत कडवट होऊन. दुसरा टिकतो. शिक्षक-खोलीत कोण काय बोललं हे तो आत पोहोचवतो. त्याचा फायदा मुख्याध्यापकाला होतो असं वाटतं, प्रत्यक्षात उलटं घडतं. खबऱ्या कोण हे खोलीला दोन आठवड्यांत कळतं आणि त्याच्यासमोर लोक हवापाण्यावर बोलू लागतात. प्रयोगशाळेची तोटी गळते, अमुक वर्गात मुलं एकाला त्रास देताहेत, तमुक शिक्षकाच्या घरी आजारपण आहे, अशा खऱ्या बातम्या आत जायच्या थांबतात. केबिनमध्ये फक्त चुगल्या पोहोचतात.

मग सगळ्यांना अगदी तराजूत तोलून सारखं द्यायचं का? नाही. गरोदर शिक्षिकेला चौथ्या मजल्यावरचे वर्ग न देणं हा पक्षपात नव्हे. नव्याने लागलेल्याला पहिलं वर्षभर एक तयारी कमी देणं हाही नव्हे. ज्याला गणित उत्तम येतं त्याच्याकडे गणिताची अवघड इयत्ता देणं तर शहाणपणाचं आहे. फरक ओळखायची माझी कसोटी साधी आहे. सवलतीचं कारण भर सभेत मोठ्याने सांगता येईल का, आणि तेच कारण उद्या नावडत्या माणसाकडे असलं तर त्यालाही ती सवलत मिळेल का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर तो विवेक. दुसऱ्या प्रश्नाला जीभ अडखळली तर ती मर्जी.

आता त्या कडवटपणाकडे येऊ. १९९८ मध्ये जेम्स डीन, पामेला ब्रँडेस आणि रवी धारवाडकर यांनी संस्थेबद्दलच्या या वृत्तीचे तीन धागे वेगळे काढले. संस्था प्रामाणिक नाही ही समजूत, तिच्याबद्दल मनात साठलेली चीड किंवा तिटकारा, आणि तिला हिणवत राहण्याचं वागणं. शिक्षक-खोलीत हे तिन्ही धागे एकापाठोपाठ एक विणले जाताना दिसतात. पहिल्या वर्षी माणूस केबिनमध्ये जाऊन विचारतो. उत्तर मिळतं, ‘पुढच्या वर्षी बघू.’ दुसऱ्या वर्षी तो नवी कल्पना मांडतो, वाचनाचा तास, भिंतीवरचं मासिक, काहीतरी. ती कल्पना महिन्याभरात दुसऱ्याच्या नावाने सभेत सादर होते. तिसऱ्या वर्षी सभेत ‘अजून कोणाला काही बोलायचंय?’ असा प्रश्न येतो, पाच सेकंद शांतता पसरते आणि सभा संपते. खरी सभा त्यानंतर जिन्यात भरते. चौथ्या वर्षापासून त्याच्या नियोजन-वह्या अगदी चोख असतात. कागद पूर्ण, वेळेवर, सुवाच्य. वर्गात काय चाललं आहे त्याचा त्या कागदाशी संबंध उरलेला नसतो. तपासणी अधिकारी अशा वहीवर ‘उत्तम’ लिहून जातात.

कार्यालयाबद्दलचा हा अविश्वास मी समजू शकतो. पुष्कळदा ते वास्तवाचं अचूक वाचन असतं. वहीतले ८२ तास कोणी दाखवले नाहीत, तरी माणसाच्या पायांना ते मोजता येतात. पण ही वृत्ती केबिनच्या दारापाशी थांबत नाही. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये कामातला थकवा मोजण्याची जी प्रश्नावली बनवली, तिच्यात नुसती दमणूक नव्हती. ज्यांच्यासाठी आपण काम करतो त्या माणसांना वस्तूसारखं वागवू लागणं, हेही त्यांनी वेगळं मोजलं. शिक्षकाच्या बाबतीत ती माणसं म्हणजे मुलं. ‘या शाळेत काही व्हायचं नाही’ हे वाक्य हळूच ‘या तुकडीला काही यायचं नाही’ असं होतं. पहिल्या वाक्यामागे पुरावा असू शकतो. दुसऱ्यामागे नसतो, आणि ज्या मुलांना शेवटची तुकडी मिळाली त्यांनी कोणाची मर्जी राखली नव्हती की कोणाला नाकारलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट शिक्षकांना आवडणार नाही, तरी म्हणतो. हा कडवटपणा आरामदायक असतो. ‘सगळं आधीच ठरलेलं असतं’ असं एकदा म्हटलं की अर्ज करायला नको, तयारी करायला नको, अपयशाची भीती नको. त्याची लागणही मुद्दाम लावली जाते. नवी शिक्षिका उत्साहाने तक्ते बनवत बसली की जुनी मंडळी प्रेमाने सांगतात, ‘नवीन आहेस, कळेल.’ आणि एकदा खोलीचा रंग असा झाला की योग्य माणसाची योग्य निवडही ‘वशिला’ ठरते. प्रामाणिक मुख्याध्यापक आला तरी त्याच्या पहिल्या दहा निर्णयांमागे लोक नातं, जात, गाव, जुनी ओळख शोधत बसतात. चांगलं काम केल्याचं श्रेय मिळत नसेल तर वर्षभरात तोही आपली माणसं जमवू लागतो. चक्र पूर्ण.

याची किंमत शिकण्यात मोजता येते. ॲन्थनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी १९९० च्या दशकात शिकागोतल्या प्राथमिक शाळांचा दीर्घ अभ्यास केला. शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांच्यात परस्परविश्वास भक्कम असलेल्या शाळांची मुलांच्या प्रगतीत सुधारणा होण्याची शक्यता दोनात एक होती, विश्वास दुबळा असलेल्या शाळांची सातात एक. विश्वास असला की सगळं आपोआप होतं असा याचा अर्थ नाही. नसला तर नवी पुस्तकं, नवी पद्धत, नवं प्रशिक्षण यांतलं फारसं काही रुजत नाही, असा आहे.

तरी उपाय म्हणून शाळा काय करतात? प्रेरणेचं व्याख्यान ठेवतात. सुट्टीच्या दिवशी, दुपारी, सकारात्मक विचारांवर. आणि त्या व्याख्यानालाही दोघं-तिघं ‘कार्यालयीन कामामुळे’ गैरहजर असतात. ते दोघं-तिघं कोण, हे हजेरी घेणाऱ्यालाच नव्हे, सगळ्या खोलीला पाठ असतं.

१९८० मध्ये जेराल्ड लेव्हेन्थल यांनी निर्णयाची पद्धत लोकांना न्याय्य कधी वाटते याच्या सहा अटी मांडल्या होत्या. नियम सगळ्यांना आणि सगळ्या वेळी एकच असावा, ठरवणाऱ्याचा स्वार्थ आड येऊ नये, माहिती अचूक असावी, चूक दुरुस्त करता यावी, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांचं ऐकलं जावं, आणि नीतीला धरून असावं. यात कुठेही ‘सगळ्यांना हवं ते मिळावं’ अशी अट नाही. शेवटचा तास कोणाला तरी घ्यावाच लागतो. तो का आला, हे कळलं तर बहुतेक शिक्षक तो मुकाट्याने घेतात.

सुरुवात एका कागदापासून करावी, त्याला भारपत्रक म्हणू. प्रत्येक शिक्षकाची एक ओळ. तासिका किती, वेगळ्या तयाऱ्या किती, वह्या किती, वर्गशिक्षकपद आहे का, आठवड्यातले शेवटचे तास किती, मधले मोकळे तास किती, परीक्षेचं आणि कार्यक्रमाचं काम कोणतं. फक्त मोजणी. ‘एक तयारी म्हणजे दोन गुण, वर्गशिक्षकपद म्हणजे तीन’ असली भारांकनं पहिल्या वर्षी घालू नयेत. ती घातली की विज्ञानवाले आणि भाषावाले सहा महिने त्यावरच भांडतात आणि कागद फाइलमध्ये जातो. नुसते आकडे शेजारी-शेजारी लागले की निम्मी तफावत न बोलता दिसते आणि ती बनवणाऱ्यालाच आधी टोचते. ‘इतर कामे’ असा रकाना मात्र ठेवू नये. सगळी मर्जी तिथे जाऊन लपते.

वेळापत्रकाचा कच्चा मसुदा हा कागद जोडून निदान पाच दिवस फळ्यावर असावा. हरकती लेखी, त्याच मसुद्याखाली, आणि प्रत्येक हरकतीपुढे एका ओळीत उत्तर. ‘नाही’ हे उत्तर चालेल, पण कारणासह. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, मसुदा शाळा सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी लागतो आणि ‘आता बदललं तर सगळं विस्कटेल’ असं म्हटलं जातं, जे तोवर खरंही झालेलं असतं. दुसरी अलीकडची, ‘वेळापत्रक कॉम्प्युटरने केलं आहे, आमच्या हातात काही नाही.’ सॉफ्टवेअर वेळापत्रक स्वतःच्या मनाने करत नाही. अमुक शिक्षकाला पहिला तास नको, तमुक तुकडी तमुककडेच, अशा अटी कोणीतरी माणूसच त्याच्यात भरतो. तेव्हा वेळापत्रकाबरोबर भरलेल्या अटींची यादी छापून मागावी. ती दोन पानांची यादी बाहेर काढली तर बाकी चौकशीची गरज उरत नाही.

बदली तासांच्या वहीत एकच रकाना वाढवावा, आजवरची बेरीज. त्या तासाला जे मोकळे आहेत त्यांच्यात ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, त्याचं नाव. बरोबरी झाली तर ज्याचा शेवटचा बदली तास सर्वांत जुना, तो जाईल. त्याच विषयाचा शिक्षक मोकळा असेल तर त्याला आधी पाठवायला हरकत नाही, पण त्याचाही आकडा वाढलाच पाहिजे. आणि क्रमाने ज्याचं नाव यायला हवं होतं पण घातलं नाही, त्याचं नाव कारणासह तिथेच लिहावं. ही शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत आधी गळणारी. ती नसेल तर ‘अजून यायचे असतात’ वाले वर्षभर शून्यावर राहतात आणि वही पुन्हा जुन्या वळणावर जाते.

सवलत दिली तर मुदत लिहूनच द्यावी. आजारपण किंवा घरगुती अडचण फळ्यावर टांगायची गोष्ट नाही. ‘वैयक्तिक कारण, मंजूर, सत्रअखेरपर्यंत’ एवढं पुरे. खऱ्या अडचणीवर लोक कुरकुरत नाहीत. आठ वर्षांपूर्वीच्या पाठदुखीवर आजही मिळणाऱ्या तळमजल्यावर कुरकुरतात. तुकड्यांबाबत, एका शिक्षकाने मुलांबरोबर एकेक इयत्ता वर सरकायचं किंवा तीन वर्षांनी अदलाबदल करायची, यातलं काहीही चालेल. फक्त ते आधी जाहीर झालेलं असावं.

यावर एक आक्षेप खरा आहे. मोजायला लागलं की माणसं मोजूनच काम करू लागतात. ‘माझे या महिन्याचे झाले’ असं म्हणून आजारी सहकाऱ्याचा वर्ग सोडून देणारे निघतील. पूर्वी जो हौसेने जात होता, तोही आकडा बघू लागेल. हे नुकसान आहे आणि मी ते नाकारत नाही. पण ज्या खोलीत ही हौस आधीच मेली आहे तिथे मोजणीने आणखी काय मरणार? जिथे ती जिवंत आहे, तिथे भारपत्रक वर्षातून दोनदा पाहिलं तरी पुरतं. दुसरा धोका याहून मोठा. आकडे लावायचे, तफावत सगळ्यांना दाखवायची आणि मग काहीच बदलायचं नाही. न उघडलेली तक्रारपेटी नसलेल्या पेटीपेक्षा वाईट असते. ज्याला दुरुस्तीची तयारी नाही, त्याने कागद न लावलेला बरा.

ज्येष्ठतेचा नियम अनेकांना सोपा वाटतो. तो पारदर्शक आहे खरा, पण त्यात शेवटची तुकडी, शेवटचा तास आणि सर्वाधिक वह्या कायम सर्वांत नवख्याकडे जातात. ज्या मुलांना अनुभवी माणूस हवा, त्यांना अननुभवी मिळतो. बरोबरी फोडायला ज्येष्ठता ठीक आहे, वाटपाचा पाया म्हणून नको.

वेळापत्रक समितीत मर्जीतलेच तिघं घेतले की सगळं मुसळ केरात, हे सांगायला नकोच. कमी लोकांना सुचतं ते हे की तिथे शिक्षक-खोलीतला सगळ्यांत कडवट माणूस बसवावा. त्याला प्रत्येक तफावत पाठ असते. कोणाचे मोकळे तास कुठे लपवले आहेत, कोणाची पाठदुखी कोणत्या सालची, हे तो अटींची यादी न बघता सांगू शकतो. पहिल्या बैठकीत तो गप्प बसेल, दुसरीत टोमणे मारेल. तिसऱ्या बैठकीत त्याच्या लक्षात येईल की ४० जणांचं वेळापत्रक बसवताना कोणाला तरी सहावा आणि आठवा तास द्यावाच लागतो, आणि ते नाव त्यालाच लिहायचं आहे. त्या दिवशी पेन त्याच्या हातात असतं आणि वही अजून कोरी असते.